तिखट न खाणाऱ्याची मिरची

आमच्या गडहिंग्लजकडे माणसाची पारख ताटातल्या रंगावरून होते. नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला की त्याच्या वाटीत तांबडा रस्सा पडतो आणि सगळं घर त्याच्या कपाळाकडे बघत बसतं. घाम आला तर चालतो. पाणी मागितलं तर चालत नाही. नुसत्या पांढऱ्या रश्श्यावर जेवण उरकणारा माणूस एक तर आजारी असणार, नाही तर पुण्याचा, असा सरळ हिशेब. नोकरीसाठी मी पुण्याचा झालो, ते लोकांनी पोटात घातलं. पुढे माझं पोटच बिघडलं आणि दोन्ही खात्यांवर नाव चढलं.

दुर्बिणीने तपासणी केली तर जठरात व्रण निघाला. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "तिखट फार खातो." ते हसले. म्हणाले, "मिरचीने अल्सर होत नाही हो. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे, त्याचे हे उद्योग." मग त्यांनी बॅरी मार्शलची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातला हा तरुण डॉक्टर, जंतूमुळे जठराला सूज येते हे त्याचं म्हणणं कुणी मनावर घेईना. शेवटी १९८४ मध्ये त्याने त्या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि आजारी पडून दाखवलं. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. ऐकून मला फार बरं वाटलं. घराण्याची अब्रू वाचली. पण त्याच दमात डॉक्टर म्हणाले, "तरी जखमेवर ती झोंबणारच. तेव्हा तिखट बंद." म्हणजे मिरची निर्दोष सुटली आणि तडीपारही झाली.

आईला फोनवर कळवलं. "म्हणजे आता बाळंतिणीचं जेवण?" तिने विचारलं, आणि मग बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही.

औषधांनी व्रण भरला. पथ्य मात्र एकदा घरात शिरलं की भाडेकरूच्या हक्काने राहतं. माझ्यासाठी फोडणीआधी थोडी आमटी बाजूला काढायची, माझ्या भाजीत मिरचीचा मोठा तुकडा टाकून तो नंतर उचलून घ्यायचा, ही बायकोची शिस्त व्रण भरल्यावरही मोडली नाही. मीही मोडू दिली नाही. जीभ इतकी नाजूक झाली होती की हॉटेलातल्या पुलावाने डोळ्यांत पाणी यायचं. लग्नाकार्यात गावाकडे गेलो की कुणीतरी लांबून ओरडून सांगायचं, "अरे, त्याला फिक्कं वाढा." पंगतीत मला लहान मुलांच्या आणि फार म्हाताऱ्यांच्या मध्ये बसवायचे.

आणि तिखट खाणं सुटलं तसं मिरची लावणंही सुटलं. असं कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर कुंड्यांविषयी एक अक्षर नव्हतं. पण खायचं नाही तर लावायचं कशाला, हा हिशेब आपोआप होऊन गेला.

आमची बाल्कनी पश्चिमेची, दुपारनंतर भाजून काढणारी. मिरचीला याहून चांगली जागा नाही. कठड्यालगत लवंगीच्या तीन-चार कुंड्या असायच्या. लवंगीची झाडं बुटकी, फळं एवढीशी, आणि ती सगळी वर तोंड करून उभी. शेजारी संकेश्वरी, लांब आणि सडपातळ. वाळल्यावर तिच्या अंगावर बारीक सुरकुत्या पडतात. एक ब्याडगीचं झाड रंगासाठी. ब्याडगीला तिखटपणा बेताचा, पण रंग असा की तिचा अर्क काढून तो लिपस्टिकमध्येही घालतात. आणि कोपऱ्यात, घरातल्या लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा बेताने ठेवलेलं, भूत जोलोकियाचं झाड. त्याचं बी ऑफिसातल्या एका आसामी सहकाऱ्याने दिलं होतं.

ते दिवस शर्यतीचे होते. २००७ मध्ये गिनेस बुकाने भूत जोलोकियाला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, दहा लाखांच्या वर स्कोव्हिल. पुढे २०१३ मध्ये तो मान अमेरिकेतल्या कॅरोलायना रीपरकडे गेला, आणि रीपर तयार करणाऱ्या त्याच माणसाची पेपर एक्स २०२३ मध्ये २६ लाख ९३ हजारांवर पोचली. या आकड्यांना आता काही अर्थ उरलाय असं मला वाटत नाही. जी मिरची खाऊन माणूस जमिनीवर आडवा पडतो ती भाजीत घालायची कशी, हे या लोकांना कुणी विचारत नाही. पण तेव्हा मीही त्यातलाच. माझ्या जोलोकियाचा स्वयंपाकघरात उपयोग शून्य आणि दिवाणखान्यात भरपूर. पाहुणे आले की मी त्यांना बाल्कनीत नेऊन ते लाल, खडबडीत, सुरकुतलेलं फळ दाखवायचो आणि भारताच्या संरक्षण संशोधनवाल्यांनी या मिरचीचा हातबाँब केलाय हे सांगायचो. चाखायला कुणी मागत नसे. आमचं दोघांचंही भागायचं.

पथ्य सुरू झाल्यावर जोलोकिया एका मे महिन्यात वाळून गेली. लवंगीच्या कुंड्या कुणी कुणी नेल्या. एका कुंडीत कोरफड आली, एकीत पानांचा ओवा. दुःखाबिःखाची भानगड नव्हती. ओव्याची भजी चांगली होतात.

गेल्या उन्हाळ्यात आई कायमची आमच्याकडे राहायला आली. सामान थोडंच होतं: दोन पेट्या, देव, आणि एक कापडी पिशवी. ती पिशवी तिने प्रवासभर मांडीवर ठेवली होती. पिशवीतून खोकल्याच्या औषधाची एक जुनी तपकिरी बाटली निघाली. बाटलीत राख होती आणि राखेत संकेश्वरीचं बी. चुलीची राख चाळून, गार आणि कोरडी करून, त्यात बी कालवून ठेवायचं आणि बूच घट्ट लावायचं, ही तिची पद्धत. किडा लागत नाही, आणि ओल शिरली तर ती राखच पिऊन टाकते.

"कुंड्या कुठायत?" तिने विचारलं.

"आता नाही लावत. खात नाही ना मी."

"खायला कोण सांगतंय तुला? लाव म्हणतेय." आणि मग, मी काही बोलत नाही असं बघून, "म्हशीची धार काढणारा सगळं दूध आपणच पितो होय रे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

बी जुनं होतं. साध्या ठेवणीत मिरचीचं बी दोन-तीन वर्षं नीट उगवतं, पुढे उगवण घसरत जाते. रात्रभर कोमट पाण्यात भिजत टाकलं. बायकोने चहाचे कागदी कप जमवून ठेवले होते. त्यांच्या बुडाला दाभणाने भोकं पाडली, कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं भरलं, आणि प्रत्येक कपात तीन-तीन बिया. खोल नाही, बियांवर जेमतेम पांघरूण पडेल एवढीच माती. मिरचीला उगवायला ऊब लागते, पंचवीस ते तीस अंशांची. पुण्यात मे महिन्याच्या शेवटाला ती फुकट मिळते. वर ओला कागद.

बोटं आपापलं काम करत होती. माती किती दाबायची, झारी किती उंचावरून धरायची, कप उचलून त्याच्या वजनावरून ओल कशी ओळखायची, यातलं काहीही मला आठवावं लागलं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

आठवडा गेला, काही नाही. आई रोज सकाळी कागद उचलून बघायची आणि "म्हातारं बी आहे, त्याला वेळ लागणारच" असं स्वतःच्याच बाजूने बोलायची. मग एका कपात माती किंचित फुगली. मिरचीचं रोप डोकं वर काढत येत नाही. आधी मान येते, वाकलेली, पांढरट हिरवी, दोन्ही टोकं मातीत. दिवसभरात ती कमान ताठ होऊ लागते आणि डोकं ओढून बाहेर काढते. एखाद्याच्या डोक्यावर बियांचं टरफल टोपीसारखं अडकून राहतं आणि दोन्ही बीजपत्रं आत मिटलेली. इथे हात शिवशिवतात. टोपी ओढून काढली तर पानं तिच्याबरोबर तुटून येतात. ओलं बोट टोपीला हलकेच लावून ठेवायचं, मऊ झाली की ती आपली आपण गळते. त्या टोप्यांना पाणी लावत बसणं हे माझं सकाळचं काम झालं. ऑफिसला उशीर व्हायचा. बायको म्हणाली, "मुलांच्या शाळेच्या वेळी हा उत्साह कुठे होता?"

निम्म्याहून थोडी अधिक रोपं उगवली. त्यातली काही मातीलगत मऊ पडून आडवी झाली, ती मर. पाणी कमी आणि वारा जास्त, एवढंच त्यावर करता येतं. उरलेली जुलैत बारा इंची कुंड्यांत गेली. शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि थोडं वाढल्यावर शेंडा खुडून टाकला, म्हणजे झाड उंच न जाता फुटतं.

ऑगस्टमध्ये पानं मुरडायला लागली. मिरची लावणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट हीच. शेतकरी तिला चुरडा-मुरडा म्हणतात, कुठे बोकड्या म्हणतात. आई कुंड्यांसमोर उभी राहून म्हणाली, "दृष्ट लागली." मी म्हणालो, "फुलकिडे आहेत." पानाच्या कडा वर वळून होडी झाली की फुलकिडे, आणि खाली वळून होडी उलटी झाली की कोळी, हे ओळखलं की निम्मं काम होतं. खात्रीसाठी शेंड्याखाली पांढरा कागद धरून झाड झटकलं. कागदावर रेषेएवढे बारीक पिवळट जीव धावायला लागले.

आता आईपुढे पेच असा होता की आपल्याकडे दृष्ट काढतात ती मीठ-मोहऱ्या आणि मिरच्यांनी. त्या विस्तवावर टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती असं समजायचं. पण मिरचीच्या झाडाची दृष्ट मिरचीनेच काढायची का? तिने थोडा विचार केला आणि नुसत्या मीठ-मोहऱ्यांवर भागवलं. मी निंबोळी अर्क फवारला आणि निळे चिकट सापळे टांगले. पंधरवड्यात नवी पानं सरळ येऊ लागली. श्रेयाचा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही.

मला हे तीन-चार कुंड्यांचं लाडाचं संकट होतं. २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात थ्रिप्स पार्विस्पायनस ही फुलकिड्यांची परदेशी जात मिरचीवर तुटून पडली. ती थेट फुलांत शिरते. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधं फवारली आणि शेवटी कितीतरी जणांनी उभी झाडं उपटून टाकली. बाल्कनीतल्या शेतकऱ्याने स्वतःला शेतकरी म्हणवून घेण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

फुलं आली. मिरचीचं फूल कुणी नीट बघत नाही. पांढरं, इवलंसं, मान खाली घातलेलं. बोटाने वर उचलून बघितलं तर आत निळसर जांभळे परागकोश. फार उकाड्यात ही फुलं देठासकट गळतात. म्हणून मे महिन्यात झाड कितीही हिरवं असलं तरी त्याच्याकडून अपेक्षा करू नये. सप्टेंबरात फळ धरलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला पहिला तोडा झाला.

आणि इथे माझ्या लक्षात आलं की मी काय पिकवलंय ते मलाच माहीत नाही. मिरची तिखट आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, नाकाला अर्धवट कळतं. निकाल जिभेकडे, आणि माझी जीभ सेवानिवृत्त. दुसऱ्यांच्या जिभांवर अवलंबून राहणं आलं.

तेव्हा मला विल्बर स्कोव्हिलविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. त्याच्या नावाचे ते लाखांचे आकडे मी पूर्वी पाहुण्यांपुढे फेकत असे, पण तो माणूस करत काय होता याकडे लक्ष दिलं नव्हतं. डेट्रॉइटमधल्या एका औषध कंपनीतला हा फार्मासिस्ट. १९१२ मध्ये त्याने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळून चाखणाऱ्यांच्या गटाला दिला. झोंबतंय? आणखी पाणी. अजून झोंबतंय? आणखी. झोंबणं थांबेपर्यंत जितके पट पाणी घालावं लागलं, तितका त्या मिरचीचा तिखटपणा. आता यंत्रं मोजतात. पण मूळ मोजणी अशी होती: काही माणसं, पेले, आणि त्यांचे चेहरे बघत बसलेला एकजण.

माझाही गट जमला. आई, बायको, सोसायटीचे वॉचमन, ते नंदुरबारचे आहेत आणि मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांच्या गावात वाढलेत, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. काकू नागपूर जिल्ह्यातल्या, भिवापूरकडच्या. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे हे त्या ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगतात. मी प्रत्येकाला चार-चार मिरच्या दिल्या आणि निकालाची वाट बघू लागलो. वॉचमनदादा म्हणाले, "बरी आहे." त्यांच्या मापात हा शब्द नेमका कुठे बसतो हे कळायला मला दोन तोडे लागले. बायकोने शिंकांची संख्या सांगितली. आईने ठेचा केला, भाकरीबरोबर खाल्ला आणि काही न बोलता दुसरी भाकरी घेतली. आणि काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दिसायला मस्त आहे हो तुमची मिरची. पण झोंबूनच नाही राहिली ना बाप्पा!"

मला राग आला. स्वतः न खाणाऱ्या माणसाला इतका राग येऊ शकतो याची मला कल्पना नव्हती.

ठेचा बघताना एक गोष्ट पुन्हा दिसली. लोक तिखट कमी करायला बिया काढून टाकतात. तिखट बियांत नसतं. मिरची उभी चिरली की देठाखालून आत उतरणारी जी पांढरी शीर दिसते, जिला बिया चिकटलेल्या असतात, ती तिखटाची कोठी. बियांना लागतं ते शेजारधर्माने. म्हणूनच देठाकडचा भाग जास्त तिखट आणि टोक सौम्य.

नोव्हेंबरात लालबुड्या बुलबुलांची एक जोडी यायला लागली. दुपारी कठड्यावर बसायची, इकडे तिकडे बघायची आणि पिकलेली लाल लवंगी (तीही आणून लावली होती तोवर) देठापासून उपटून गिळायची. चेहऱ्यावर काही नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची भरवलेली आहे. विठू मिरची पायात धरून आरामात सोलायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्याचं तोंड पोळत कसं नाही, हा प्रश्न मात्र इतक्या पोरांतून एकालाही पडला नाही.

उत्तर असं आहे की पक्ष्यांना ते तिखट कळतच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या जिभेवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं, त्याचं खरं काम भाजण्याची सूचना देणं. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढचं काही लागलं की तो मेंदूला कळवतो. कॅप्सेसिन त्याला थंडपणी फसवतं, आणि मेंदू समजतो तोंड जळतंय. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला; २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. पक्ष्यांमधला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही.

आणि यात झाडाचा स्वार्थ आहे. २००१ मध्ये ट्यूक्सबरी आणि नाभान यांनी अॅरिझोनातल्या रानमिरच्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. तिथले उंदीर तिखट मिरचीला तोंड लावत नाहीत. सौम्य मिरची दिली तर खातात, पण बी चावून टाकतात, ते पुढे उगवत नाही. पक्षी गिळतो, उडतो, लांब कुठेतरी झुडपाच्या सावलीत बी टाकतो, आणि ते उगवतं. पुढे बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवरच्या कामात आणखी एक कारण सापडलं: किड्यांनी टोचलेल्या फळात बुरशी शिरते, आणि कॅप्सेसिन ती रोखतं. म्हणजे एवढा सगळा जाळ झाडाने पेटवला तो बुरशीसाठी आणि चावून खाणाऱ्या सस्तन प्राण्यांसाठी. आपल्यासाठी. दूर राहा म्हणून. आणि आपण त्या फलकासमोर पाट मांडून भाकरी घेऊन बसलो.

या हिशेबाने बघितलं तर संबंध कोल्हापूर जिल्हा झाडाच्या सूचनेचं उल्लंघन करतोय. आणि मी, पंगतीत पोरांच्या शेजारी बसवलेला, फिक्का, पुण्याचा, मी एकटा असा निघालो की जो झाडाला पाणी घालतो, किडे झटकतो, आणि फळाला तोंड लावत नाही. झाडाला यापरता चांगला सस्तन प्राणी मिळणं कठीण. पथ्याकडे या बाजूने कधी बघितलं नव्हतं. पूर्वी मी मिरची लावायचो तेव्हा प्रत्येक कुंडीत माझा वाटा होता, जोलोकियात तर नुसती शेखी होती. आता वाटा नाही, तर झाड जास्त दिसतं.

आईला हे सगळं सांगायला गेलो तेव्हा ती देठं खुडत होती. आमच्याकडे वर्षाच्या मसाल्याला चटणीच म्हणतात, आणि उन्हाळ्यात डंकावर जाण्याआधी देठ खुडायचं काम घरोघरी चालतं. बाल्कनीतल्या मिरच्यांनी काही वर्षाची चटणी होत नाही, पण तिने पसाभर वाळवल्या होत्या, बाजारच्या मिरच्यांत मिसळायला. जवारी संकेश्वरी आता बाजारातही कमी येते. संकरित वाण पीक जास्त देतात. मी म्हणालो, "मिरची मुळात आपली नाहीच. दक्षिण अमेरिकेकडची. पोर्तुगीजांनी आणली. ते गोव्यात आले १५१० मध्ये. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी आणि पिंपळी."

"सावतोबांच्या मळ्यात मिरची होती," आई म्हणाली.

खरं आहे. अरणच्या सावता माळ्यांचा तो भाज्यांचा अभंग महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे आणि त्यात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्याबरोबर मिरचीही विठ्ठलरूप होऊन येते. सावता माळी समाधिस्थ झाले १२९५ मध्ये. कोलंबस समुद्रात पडायला अजून दोनशे वर्षं होती. मी हे आईला समजावून सांगितलं: अभंग तोंडोतोंडी चालत आले, गाणाऱ्यांनी त्यात आपल्या मळ्यातलं घातलं असणार. मिरीचा वेल हवा तर दमट हवा आणि सावली पाहिजे; मिरची कुठल्याही परसात, फुटक्या घागरीतही येते. तिने दोनेकशे वर्षांत मिरीला घरोघरच्या चुलीवरून उठवलं. तेव्हाच्या कुणा वारकऱ्याला मिरचीशिवाय मळा ही कल्पनाच करता आली नसेल. त्याने ती सावतोबांच्या मळ्यात लावून टाकली.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग तुझे पोर्तुगीजच आधी येऊन गेले असतील," ती म्हणाली आणि पुढचं देठ खुडलं.

त्याच दिवशी मी चाखली. डॉक्टरांची थोडथोडं खायला केव्हाचीच परवानगी आहे; भीती माझी होती. संकेश्वरीचं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं. कान आतून गरम झाले, नाक वाहू लागलं. सारखं खाणाऱ्याच्या मज्जातंतूंना कॅप्सेसिनची सवय होते, ते दाद देईनासे होतात. खंड पडला की पुन्हा जागे. माझे कोऱ्या करकरीत अवस्थेत जागे झाले होते. पाणी प्यायचं नाही एवढं भान होतं, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. वाटीभर दही खाल्लं. आणि जिना उतरून खाली गेलो, काकूंना सांगायला की झोंबते.

त्यांनी माझ्या लाल नाकाकडे बघितलं आणि पुरावा अमान्य केला. वर भिवापुरीच्या बियांची पुडी हातात ठेवली. "हे लावा, मग सांगा." त्यांच्या खिडकीत ऊन येत नाही, म्हणून दोन रोपं त्यांनीच केलेली होती, तीही माझ्या कठड्यावर ठेवायची होती. मी अडचण सांगितली. मिरची बहुतेक आपल्याच परागावर फळते, पण मधमाश्या सरमिसळ करतात. या वर्षीच्या फळात काही कळणार नाही, बियांत कळेल. आईचं राखेतलं बी शुद्ध ठेवायचं तर कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधाव्या लागतील.

"होऊ द्या ना सरमिसळ," काकू म्हणाल्या. "दोन्हीकडचं पोर निघंल. झोंबंल तरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुंड्या घेऊन दारात आल्या. मी मलमल शोधत होतो. आई आतून बाहेर आली, कुंड्यांकडे बघितलं, पान उलटं करून किडे बघितले, आणि म्हणाली, "ठेवा हो ताई. पण त्या टोकाला."